सड्याचा चढ आणि सरकता आरंभबिंदू

मोपाच्या सड्यावर पायी गेलेल्याला चढ म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही, पोटऱ्याच सांगतात. भूमितीच्या मराठी पुस्तकांनीही शब्द इथलाच घेतला : रेषेचा चढ. कोटींतला फरक भागिले भुजांतला फरक. आडवे चार पावले गेलो आणि दोन पावले वर आलो, तर चढ अर्धा. पावलांऐवजी फूट घ्या की मीटर, अर्धा तो अर्धाच.

बिंदूचे आकडे मात्र आरंभबिंदू कुठे धरला त्यावर असतात. (२, ३) आणि (६, ५) हे बिंदू घ्या. भुजांत दहा, कोटींत वीस मिळवून ते सरकवले की (१२, २३) आणि (१६, २५) झाले. आकडे पार बदलले. फरक मात्र पूर्वीचेच, चार आणि दोन. फळ्यावर हे दोन मिनिटांचे काम. आमच्या मुलखाला त्याला दोनशे वर्षे लागली.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. उत्तरेच्या दरबाराकडे पाहणारी माणसे दक्षिणेला मांडवीकाठी पाहू लागली. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजली, आणि त्यातून वाढलेल्या त्रिकोणांच्या जाळ्याचा आरंभबिंदू पुढे मध्य भारतातल्या कल्याणपूरला ठरला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे त्याच हिशेबाचे. त्या हिशेबात पृथ्वीसाठी जो गोलाभ धरला, त्याचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून काहीशे मीटर बाजूला पडते. विमानवाहतुकीने १ जानेवारी १९९८ पासून डब्ल्यूजीएस-८४ ही पृथ्वीकेंद्री पद्धत जगभर लागू केली. त्यामुळे जुन्या नकाशातला आणि वैमानिकाच्या नकाशातला मोपा यांचे अक्षांश-रेखांश तंतोतंत जुळत नाहीत. दगड मात्र तिथेच. जवळच्या दोन दगडांमधला चढही जवळपास तोच.

आकडे सरकवायला कुदळ लागत नाही. चढ बदलायला लागते. मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीला आंतरराष्ट्रीय नियम असा : मध्यरेषेवरचा सर्वांत उंच व सर्वांत सखल बिंदू यांतला फरक भागिले लांबी, हे शंभरात एकाहून अधिक नसावे. म्हणजे तीन किलोमीटरला फार तर तीस मीटर. हा दहावीतलाच भागाकार. पण उत्तर जुळवायचे तर जांभा कापावा लागतो, खळगे भरावे लागतात. आणि सड्यावरचे पावसाचे पाणी कुठल्या ओहोळात उतरायचे ते चढच ठरवतो. खाली ज्यांच्या बागायती आहेत, त्यांना हे गणित शिकवावे लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. ती आपली जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मोजत येतात. खालच्या वाड्यांवर अजून सड्यापासूनच मोजतात, इतके वर, इतके खाली.