व्यसनी पति आणि घरचा उंबरा

मद्यधुंद पतीचा अव्हेर करणाऱ्या पत्नीचे दागिने काढून घेऊन तिला तीन महिने टाकावें, असें मनुस्मृति सांगते. व्यसन त्याचें, दंड मात्र तिला! मुंबई प्रांताच्या १९४७ च्या घटस्फोट-कायद्यानें वेड व महारोग हीं कारणें मानिलीं. दारू-अफूचें व्यसन मानिलें नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांतहि तें आलें नाहीं. १९७६ सालीं क्रूरता हें घटस्फोटाचें कारण ठरलें आणि व्यसनाचें गाऱ्हाणें त्या वाटेनें न्यायालयांत पोंचूं लागलें. पण निकाल लागेपर्यंत बाईनें राहावें कोठें? माहेरीं जावें तर घर सुटतें. राहावें तर रात्र निभत नाहीं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानें, घर तिच्या नांवावर नसलें तरी तेथें राहण्याचा हक्क तिला दिला. हिंसेविषयीं खात्री पटल्यास न्यायाधीश आतां पतीसच घराबाहेर जाण्याचा हुकूम करूं शकतात.