आधी पैसे, मग उजेड

जोहान्सबर्गच्या नैऋत्येला ऑर्लँडो इथलं कोळशावरचं वीजकेंद्र 1942 मध्ये सुरू झालं आणि 1998 पर्यंत चाललं. त्याच्या भोवती वस्ती होती कृष्णवर्णीय कामगारांची. पुढे तिलाच सोवेटो हे नाव पडलं. धूर आणि राख सोवेटोच्या वाट्याला येई, वीज मात्र जोहान्सबर्गच्या गोऱ्या वस्त्यांकडे जाई. केंद्र दारात असूनही इथल्या बहुतेक घरांत कित्येक दशकं कोळशाच्या शेगड्या आणि मेणबत्त्याच होत्या. आज आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत मीटरमध्ये वीस आकडे दाबून वीज भरली जाते. ती पद्धत घडली याच दक्षिण आफ्रिकेत. मूळ कल्पना मात्र त्याहून शंभर वर्षं जुनी, आणि ती विजेची नव्हे, गॅसची होती.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये गॅसचा दिवा मध्यमवर्गीयांच्या घरात रुळला होता. गॅसचं बिल येई तीन महिन्यांनी आणि जोडणीचा खर्च आधी करावा लागे. आठवड्याच्या आठवड्याला मजुरी घेणाऱ्या कामगाराच्या हातात तीन महिन्यांच्या बिलाची रक्कम एकरकमी कधी साठतच नसे. कंपन्यांनाही बिल बुडण्याची धास्ती होती. बर्मिंगहॅमच्या आर. डब्ल्यू. ब्राउनहिल यांनी 1887 मध्ये नाणं टाकून चालणाऱ्या मीटरचं पेटंट घेतलं आणि हा पेच सुटला. फटीत पेनी टाकायची, मूठ फिरवायची; आतली दातेरी चाकं झडप उघडत आणि पेनीपुरता गॅस वापरून झाला की झडप आपोआप मिटे.

साउथ मेट्रोपॉलिटन या कंपनीने 1892 पासून लंडनच्या कामगार वस्त्यांत हे मीटर बसवायला घेतले. सोबत दिव्यांची जोडणी आणि शेगडीही दिली जाई. तिचा खर्च गॅसच्या दरातच धरलेला असे. कोळसा वाहून आणणं, राख काढणं, भल्या पहाटे चूल पेटवणं या कामांतून हजारो बायका पहिल्यांदा सुटल्या. प्रीपेड मीटरचा विचार करताना हे विसरून चालणार नाही. या यंत्राने आधी गरिबाच्या घरात गॅस आणला. त्याची जोडणी तोडण्याचं काम ते नंतर शिकलं.

त्या काळची एक रीत फार बोलकी आहे. कंपनीचा माणूस कुलूपबंद पेटी उघडे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाणी ओतून त्यांच्या चळती लावी आणि हिशेबापेक्षा जास्त जमलेली रक्कम तिथल्या तिथे घरच्या बाईच्या हातावर ठेवी. मीटर मुद्दाम थोडा चढ्या दराने लावलेला असे, म्हणून ही परतफेड. तिची घरात वाट पाहिली जाई. तरीही खरं हेच की गरिबाचा गॅस महाग होता आणि त्याचेच पैसे त्याला उशिरा परत मिळत होते. नाण्यांच्या मीटरची हीच रीत पुढे इंग्लंडमध्ये विजेलाही लागू झाली.

दक्षिण आफ्रिकेतली गरज वेगळी होती. वर्णद्वेषी सरकारने नेमलेल्या स्थानिक संस्थांना भाडं आणि सेवाकर द्यायचं सोवेटोने 1986 मध्ये बंद केलं. हा राजकीय लढा होता. बिल न भरणं हे त्यातलं हत्यार होतं. त्याच सुमारास एस्कॉम या सरकारी वीज कंपनीचे प्रमुख इयन मॅक्रे सर्वांसाठी वीज देण्याची भाषा बोलू लागले. पण द्यायची कशी? झोपड्यांना क्रमांक नाहीत, टपाल पोहोचत नाही, अनेकांची बँकेत खाती नाहीत. एस्कॉमच्या अभियंत्यांनी उत्तर काढलं ते प्रीपेड मीटरचं. त्याला जोड मिळाली एका छोट्या फळीची. मीटर, प्लगची खाच आणि दिव्याचा होल्डर एकाच फळीवर बसवून ती पत्र्याच्या भिंतीला ठोकायची. घरात वायरिंग करायची गरजच उरली नाही.

सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचा मीटर वेगळा आणि त्याचं विक्रीयंत्रही वेगळं. त्यामुळे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एकच सामायिक पद्धत ठरवली गेली. दुकानदार पैसे घेऊन वीस आकड्यांचा क्रमांक देतो. त्यात किती युनिटं हे सांकेतिक रूपात दडलेलं असतं. तो क्रमांक त्या एकाच मीटरला चालतो, तोही एकदाच. त्यासाठी मीटरला फोन, इंटरनेट काही लागत नाही. नेल्सन मंडेला यांच्या सरकारने 1994 मध्ये आणखी 25 लाख घरांत वीज नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं, त्यातला मोठा वाटा याच मीटरने उचलला.

क्रमांक एकदाच चालावा म्हणून या पद्धतीत काळ मोजला जाई, 1 जानेवारी 1993 पासून, मिनिटामिनिटाने. मोजणीला राखलेली जागा 24 बिटांची, म्हणजे साधारण 1 कोटी 68 लाख मिनिटांची. ती 24 नोव्हेंबर 2024 रोजी संपली. त्याआधी एकेका मीटरमध्ये नवे क्रमांक भरावे लागले. ज्यांनी भरले नाहीत, त्यांचा मीटर नवी खरेदी स्वीकारेना.

पैसे संपले की मात्र अंधार होई, आणि तो नोटीस देऊन येत नसे. तोडायला माणूस आला तर त्याच्याशी भांडता येतं, मुदत मागता येते. मीटरशी ते जमत नाही. सोवेटोतल्या कार्यकर्त्यांनी 2001 मध्ये ‘ऑपरेशन खान्यिसा’ सुरू करून तोडलेल्या जोडण्या स्वतःच जोडून द्यायला घेतल्या. सरकारने 2003 पासून गरीब घरांना महिन्याला 50 युनिटं मोफत द्यायचं धोरण आणलं. मीटर तोच राहिला, त्याच्या भोवतीचे नियम बदलले.

ब्रिटनला हा धडा फार उशिरा मिळाला. 2022 मध्ये विजेचे आणि गॅसचे भाव भडकले, तेव्हा थकबाकीदारांच्या घरात न्यायालयाचं वॉरंट घेऊन सक्तीने प्रीपेड मीटर बसवले गेले. ओरड झाल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये ही सक्ती थांबवावी लागली. प्रीपेड ग्राहकाला पडणारा जादा दरही त्याच वर्षी काढून टाकला गेला.

भारतात 2003 च्या वीज कायद्यातच प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागू नये असं म्हटलं आहे. केंद्राने 2021 मध्ये 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांची योजना आणली. स्मार्ट मीटर वापराची नोंद स्वतःच पाठवतो आणि दूर बसूनही बंद करता येतो. महाराष्ट्रात महावितरणने कंत्राटं दिली, राज्यभर विरोध झाला आणि 2024 मध्ये राज्य सरकारने सामान्य ग्राहकांवर प्रीपेडची सक्ती होणार नाही असं जाहीर केलं. पैसे संपताच अंधार होईल ही विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. रोजंदारीवर जगणाऱ्याला रोजच्या पैशात वीज घेता येणं ही सोयही खोटी नाही.

वीज नियामक आयोगाच्या दरसुनावणीत कुणाही ग्राहकाला लेखी सूचना किंवा हरकत देता येते. प्रीपेडचा विषय पुन्हा निघेल तेव्हा मराठी ग्राहकांनी तिथे मागणी नोंदवावी: प्रीपेडचा दर इतरांपेक्षा एका पैशानेही जास्त नको, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी वीज तुटायला नको, आणि घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर माणूस असेल तर ती कधीच तुटायला नको.