शाखानिवड आणि अन्वयार्थ : करमाळ्याच्या निमित्ताने

महाविद्यालयात येणाऱ्याने कोणती शाखा घ्यावी, हे आपल्याकडे दीर्घकाळ गुणपत्रिकेने ठरवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन व समुपदेशन हा शिक्षणाचाच भाग मानला. व्यवहारात त्याला बहुधा अभिक्षमता कसोटीचे रूप आले. १०+२+३ च्या आकृतिबंधाने निवड दहावीच्या उंबरठ्यावर आणली आणि ‘गुण कमी म्हणून कला’ हे समीकरण रूढ झाले. माणसाच्या कथनाचा अर्थ लावण्याची सवय ज्या विद्याशाखांना आहे, त्यांचा या सल्ल्याशी काही संबंध असू शकतो, याचा विचार क्वचितच झाला.

करमाळ्यात हा प्रश्न अधिक बोचरा होतो. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि तालुक्यातील भीमाकाठची काही गावे जलाशयात गेली. विस्थापित घरातील मुलाला मूळ गाव विचारले, तर तो ज्या गावाचे नाव सांगेल ते पाण्याखाली असते. जलाशयाच्या काठी पुढे ऊस आला. उरलेला बराच भाग कोरडवाहू राहिला. पालकाच्या व्यवसायापुढे मात्र दोन्हीकडे ‘शेतकरी’ हाच शब्द येतो. कसोटी हा शब्द तसाच स्वीकारते; इतिहासाचा वा साहित्याचा अध्यापक त्याचा संदर्भ विचारील. शेतीविषयक अभ्यासक्रम नाकारणारा मुलगा शेतीला विटला आहे, की जमीन गेल्याची हकिकत ऐकत वाढला आहे, हे गुणांवरून कळत नाही.

असा अन्वय महाराष्ट्रात पूर्वी लावला गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या, पुढे मिलिंद म्हणून ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयात अनेक विद्यार्थी घरातले पहिलेच शिकणारे होते. तेथे म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक १९५५ मध्ये झाले; १९६७ मध्ये गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने ‘अस्मिता’, म्हणजे पुढचे ‘अस्मितादर्श’, निघाले. दलित साहित्याच्या इतिहासात या गोष्टी नोंदल्या जातात; शिक्षणाच्या इतिहासात सहसा नाहीत. विद्यार्थ्याचे जगणे हा त्याचा अडसर नसून अभ्यासाचा विषय आहे, हे तेथे मान्य झाले होते. रूढ अर्थाने हे समुपदेशन नव्हे, हे खरे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांची माहिती नसलेल्या अध्यापकाची सहृदयता विद्यार्थ्याला महागातही पडू शकते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांच्या सीमा ओलांडून विषय घेण्याची मुभा दिली. त्यामुळे निवडीचे प्रसंग वाढतात, आणि प्रत्येक प्रसंगी विद्यार्थ्याजवळ बसून त्याचे ऐकणारा कोणीतरी लागतो. कला शाखेचा अध्यापक हे काम आपले मानतो का, हे अजून ठरायचे आहे.