सहा दिवसांचं अंतर

रात्रीचे अडीच वाजलेत. आनेकल तालुक्यात, होसूर रोडला लागून असलेल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तू उभी आहेस. जिगणीच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या छातीत रक्त साठलं होतं. तू नळी घातलीस, बाटलीत रक्त उतरलं, त्याचा श्वास जागेवर आला. हातमोजे काढतेस तोवर त्याचा भाऊ विचारतो, "सिस्टर, डॉक्टर यावाग बर्तारे?" डॉक्टर कधी येणार! एवढं कानडी तुला केव्हाच कळायला लागलंय. "मीच डॉक्टर" हे सांगायचंही त्राण नाही. पोटात कालवतं, पण अपमानानं नव्हे. त्याचं म्हणणं आज तुला पटल्यासारखं वाटतं, म्हणून.

ड्यूटी रूमचं दार ढकलतेस. आत खाट नाही, पंखा नाही. कडाक्याची थंडी आणि धूर.

१८८३ चा हिवाळा, फिलाडेल्फिया. तू कल्याणची, शाळेत आनंदीबाई जोशींवर भाषणं ठोकलेली. भाषणातली आनंदी तेजस्वी होती. इथे अठरा वर्षांची एक मुलगी गारठून पुस्तकावर वाकलीय. शेकोटी पेटवली की खोली धुरानं कोंदते, विझवली की बोटं आखडतात. स्वयंपाक तिचा तिलाच करायचाय. नवऱ्याच्या हट्टानं ती इथवर शिकली आणि त्याच्याच पत्रांतले टोमणे ती इथे वाचते. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. याच वर्षी फेब्रुवारीत सेरामपूरच्या कॉलेजात, हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टर का हव्यात, हे तिनं भर सभेत सांगितलं होतं. आता परतीची वाट तिची तिनंच बंद केलीय. चारचौघांत शब्द दिला की अंगात ताप असतानाही बाई उभी राहते, हे तुला कुणी वेगळं सांगायला नको.

पापणी लवते तोवर ११ मार्च १८८६. पदवीदान. समोर पंडिता रमाबाई बसल्यात, टाळ्या थांबत नाहीत. तुझं लक्ष मात्र तिच्या गळ्याखालच्या वर आलेल्या हाडांकडे. बहुतेक क्षय, तू मनाशी निदान करतेस. कॉखनं जंतू शोधून चार वर्षं झालीत. औषधाला अजून जवळजवळ साठ. जी औषधं तू सरकारी दवाखान्यात फुकट मिळताना रोज बघतेस, त्यातलं एकही इथे नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली बायकांच्या वॉर्डाची जागा तिची वाट बघतेय. त्या खुर्चीत ती बसणार नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशी गाठण्याआधीच, पुण्यात ती जाते.

आणि तू मुंबईच्या हायकोर्टात येऊन पडतेस. तारीख ४ मार्च १८८७. मधे सहाच दिवस. न्यायमूर्ती फॅरन रखमाबाईला सांगताहेत: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न ती मानत नाही. तुरुंगात जाईन, नांदायला जाणार नाही, हे तिचं उत्तर. आनंदीबाईंसाठी हळहळलेला 'केसरी' हिच्यावर मात्र तुटून पडतो. सोसून मरणारी बाई आपल्याला प्रिय, नाही म्हणणारी नाही. मला तर यात आजही फारसा फरक पडलेला दिसत नाही. भाषणस्पर्धेत तू रखमाबाईंवर कधी बोललीस?

१८८८ मध्ये दोन हजार रुपये मोजून तडजोड झाली. मग लंडन, तिथलं बायकांचं मेडिकल कॉलेज, आणि १८९५ मध्ये सुरत.

इथे तू थांब. बघण्यासारखं इथेच आहे. बायका बाळंतपणाला दवाखान्यात यायला घाबरतात. सांगतात की, डॉक्टरीणबाईंनी एक गाभण शेळी आणवली आणि दवाखान्यातच तिची सुटका केली. शेळी नि करडं धडधाकट बाहेर पडली, तेव्हा कुठे बायकांचा धीर चेपला. तू उकळत्या पाण्यातून चिमटे काढून देतेस आणि हसू आवरत नाही. कुणी डॉक्टर मानत नाही, ही अडचण इथेही आहेच. बाईंनी ती स्वतःच्या लायकीवर घेतली नाही, शेळी आणली.

तू मात्र लायकीवरच घेतेस. या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. त्याची मोजपट्टी क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये मांडली, त्यात तीन गोष्टी आहेत: थकवा, रोग्यांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. पहिल्या दोन तू कधीच्या ओळखतेस. तिसरीला तू स्वभाव समजत होतीस. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनासुद्धा बर्नआउटला कामाच्या जागी साचलेल्या ताणातून उद्भवणारी गोष्ट म्हणते.

रखमाबाईंना सगळं सोपं गेलं असं नाही. पण सावत्र वडील सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर आणि मुलीच्या बाजूचे, हातात थोडी मिळकत. मागे संसार नाही. तुझ्या मागे आहे, हे विसरून तुलना करू नकोस.

१९१८. विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधल्या नेमणुकीला त्या नकार देतात आणि राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात जातात. तिथे निवृत्तीपर्यंत काम. १९२९ मध्ये पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका. १९५५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत मृत्यू.

नकाराचं पत्र फार लांब नसावं. ड्यूटी रूममध्ये परत येऊन तू पेन काढून मसुदा करायला बसतेस. राजीनामा नाही, पुढच्या महिन्यात सलग लावलेल्या नाइट ड्यूट्या घेणार नाही, एवढंच. पहिल्याच ओळीत 'सॉरी' लिहून जातेस. ते खोडतेस आणि तारीख घालतेस.