पुसदचे मतदान
पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील पूस नदीकाठचे तालुक्याचे गाव. १९५२ मध्ये, वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात असताना, गहुलीचे वसंतराव नाईक येथून काँग्रेसतर्फे विधानसभेवर निवडून गेले. तेव्हापासून हा मतदारसंघ नाईक घराण्याकडेच आहे. वसंतराव (१९६३–७५) व त्यांचे पुतणे सुधाकरराव (१९९१–९३) हे दोघेही मुख्यमंत्री झाले. बंजारा तांड्यांचा पाठिंबा हे याचे कारण सांगतात. ते खरे असले, तरी पुरेसे नाही, कारण मतदारांत अन्य समाजही मोठ्या संख्येने आहेत. १९९९ मध्ये घराणे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा मतदारही मागोमाग गेले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे इंद्रनील व भाजपचे निलय असे दोन नाईकच परस्परांविरुद्ध उभे राहिले. त्यांत इंद्रनील विजयी झाले.