दंडाच्या पावतीवरचे पणजोबा : जुन्या चांद्यातील वंशशोध

१/ नोव्हेंबर २००७. जर्मनीतील बाड आरोल्सन येथील अभिलेखागार संशोधकांना खुले झाले. नाझी राजवटीच्या झळा सोसलेल्या सुमारे १ कोटी ७५ लाख व्यक्तींची नावे तेथील कागदांत आहेत. असंख्य ज्यू कुटुंबांना आपल्या पूर्वजांचे अखेरचे ठिकाण कळले, ते छळ करणाऱ्यांनीच राखलेल्या याद्यांतून.

२/ त्या संहाराची तुलना कशाशीही नको. परंतु नोंद करणाऱ्याचा हेतू एक आणि वारसांना तिचा उपयोग दुसराच, हा कागदाचा स्वभाव चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातही दिसतो. तेथे वंशावळीवर कसत्या जमिनीचा हक्क अवलंबून आहे.

३/ २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवणे पुरेसे आहे. 'इतर पारंपरिक वननिवासी' कुटुंबाला मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. शोध थेट १९३० पर्यंत मागे जातो.

४/ तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यापूर्वीचा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात, आणि चांदा मध्य प्रांतात. म्हणून पणजोबांचा माग काढताना आजचा तालुका नव्हे, तर त्या काळची तहसील व जमीनदारी आधी ओळखावी लागते.

५/ १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांद्याची जमीनमहसूल व्यवस्था लावली. त्यांचा अहवाल १८६९ चा. सरकारला हवा होता सारा. पण त्यासाठी केलेल्या बंदोबस्ताच्या मिसलींत गावोगावच्या कसणाऱ्यांची नावे उरली.

६/ कोतवाल बुकात गावातील जन्म-मृत्यू टिपले जात. आज तोच उतारा बाप-लेकाचे नाते सांगतो. वनखात्याने लाकूडतोड, चराई वा अतिक्रमणासाठी दंड केला, तर पावतीवर नाव, गाव आणि तारीख आली. काल जो गुन्ह्याचा कागद होता, तोच आज वास्तव्याचा पुरावा म्हणून पुढे ठेवता येतो.

७/ २००८ च्या नियमांतील १३ वा नियम येथे महत्त्वाचा. गॅझेटियर, बंदोबस्त अहवाल, वन अभिलेख यांच्यासोबत तो जुन्या नोंदीतील रहिवाशापर्यंत पोहोचणारी वंशावळ, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा मानतो. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही सांगतो. भामरागड भागात माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ उभ्या करतात त्या शिळांकडेही मग नव्याने पाहावे लागते.

८/ १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटियर आता मोबाइलवर वाचता येते. त्यात गावे, जमीनदाऱ्या, जाती-जमाती भेटतात. सामान्य कुळाचे नाव भेटत नाही. ते अभिलेख कक्षातील मिसलीत शोधावे लागते, आणि मिसलीतले नाव कोणाच्या पणजोबांचे, हे गावातील वृद्धच सांगू शकतात. कागद आणखी काही वर्षे टिकेल. वृद्धांचा जबाब मात्र ते असेतोवरच लिहून घेता येईल.