नालवाडीच्या वाटेवरचा जपान

नालवाडीला लागूनच गोपुरी आहे. तिथे गीताई मंदिराशेजारी पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप उभा आहे. चारी दिशांना बुद्धाच्या मूर्ती. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "हे इथे कसं काय?" बाजूच्या जपानी मंदिराची पाटी वाचून कोडे आणखी वाढते. मी नालवाडीचाच. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली.

जपानशी मराठी माणसाची ओळख स्तूपाच्या कितीतरी आधीची. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा एका आशियाई देशाने युरोपला हरवले या बातमीने इथली तरुण मने पेटून उठली. त्याच सुमारास आमच्या वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे क्रांतीच्या ओढीने घराबाहेर पडले आणि अमेरिकेला जाण्याआधी जपानात राहिले. महर्षी कर्व्यांची ओळख निराळीच. टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. एकाने त्या बेटांवर लढाई पाहिली, दुसऱ्याने शाळा. माणूस मात्र अजून भेटायचा होता.

तो वर्ध्यात भेटला. विनोबा १९३२ च्या अखेरीस नालवाडीत राहायला आले होते; सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर जगण्याचा त्यांचा प्रयोग इथेच चालला होता. पुढच्या वर्षी गांधीजी हरिजन दौऱ्यापूर्वी वर्ध्याच्या सत्याग्रहाश्रमात मुक्कामाला होते. ४ ऑक्टोबर १९३३ रोजी निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू त्यांना भेटले. वय अठ्ठेचाळीस. जपानकडून धर्म पुन्हा भारतात जाईल, असे तेराव्या शतकातल्या निचिरेन या आचार्याने सांगितले होते. त्याच श्रद्धेने फुजी १९३१ साली भारतात आले होते.

त्यांच्या हातात ढोल होता. आपल्या डफाला दांडी लावली तर जसा दिसेल तसा, पंख्याच्या आकाराचा. त्यावर ठेका धरून 'नम्यो हो रेंगे क्यो' म्हणायचे. म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. भाषेची अडचण होतीच, पण ढोलाला दुभाषा लागत नाही. गांधीजींनी हा मंत्र प्रार्थनेत घेतला. भिक्षूंना ते 'गुरुजी' म्हणू लागले. फुजी गुरुजी हे नाव वर्ध्याचे देणे आहे, हे आम्ही वर्धेकर जरा अभिमानाने सांगतो.

पुढे त्यांच्या पंथाचे भिक्षू सेवाग्रामात राहू लागले. आणि इथेच ही गोष्ट अवघड होते. १९३७ पासून जपान चीनमध्ये घुसला होता. डिसेंबर १९४१ मध्ये तो ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि सेवाग्रामातला भिक्षू 'शत्रूराष्ट्राचा नागरिक' ठरला. सरकारने त्याला नेले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब पडले. इंग्रज जाणार असतील तर जपानी आलेले काय वाईट, असे म्हणणारे पुष्कळ होते.

१४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने 'इंग्रजांनी जावे' असा ठराव केला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी गांधीजींनी सेवाग्रामहून प्रत्येक जपानी माणसाला उद्देशून पत्र लिहिले; ते २६ जुलैच्या 'हरिजन'मध्ये आले. इंग्रजांच्या जाण्याचा आग्रह धरतानाच त्यांनी जपानला बजावले: चीनवरचा तुमचा हल्ला मला अत्यंत नापसंत आहे, आणि भारत तुमचे स्वागत करील अशी अपेक्षा असेल तर तुमची घोर निराशा होईल. त्याच पत्रात आश्रमातून नेलेल्या भिक्षूबद्दल जिव्हाळ्याचा मजकूर आहे. त्याची कामातली तत्परता, त्याचे हसू, आणि मागे राहिलेला छोटा ढोल. त्या ढोलावरच आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होते, असे ते कळवतात. माझ्या मते बेचाळीसच्या इतिहासात या पत्राची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही. आक्रमकाला विरोध आणि त्याच देशाच्या मंत्राने प्रार्थनेची सुरुवात, दोन्ही एकाच आश्रमात, एकाच दिवशी चालले होते.

फुजी गुरुजींचा जन्म ६ ऑगस्टचा, साल १८८५. साठाव्या वाढदिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्यानंतरचे आयुष्य त्यांनी शांतिस्तूप उभारण्यात घालवले. राजगीरच्या रत्नागिरीवरचा स्तूप १९६९ चा. वर्ध्याचा स्तूपही त्यांच्याच संकल्पातला. ते ९ जानेवारी १९८५ रोजी गेले, शंभरीला काही महिने उरले असताना.

राजगीरला त्यांच्याकडे आलेला एक तरुण जपानी भिक्षू पुढे नागपूरला आला आणि आंबेडकरी जनतेत इथलाच होऊन राहिला. त्याचे नाव सुरेई ससाई. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. वर्ध्याहून नागपूर जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर. आणि सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत आजही पहिला मान त्या जपानी मंत्राचाच असतो.